कोपरं बघणारे डॉक्टर

पहिल्या भेटीत त्यांनी मला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही, डिग्रीची चौकशीही केली नाही. "दोन्ही हात पुढं करा," म्हणाले. "तळवे वर."

मी भूल देणारी डॉक्टर. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून दौंडला आलेली, आणि काम मिळेल का हे विचारायला त्यांच्या दवाखान्यात गेलेली. मला वाटलं, हात थरथरतो का ते बघत असतील. रास्तच आहे म्हणून मी हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून माझ्या दोन्ही कोपरांकडे नीट बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "झकास. जरासं बाहेर कललंय, पण बायकांचं असतंच तसं. घागर कमरेला आपटू नये म्हणून सोय केलेली असते. सोमवारपासून या."

असा माझा इंटरव्ह्यू झाला. घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. पुढे कितीतरी दिवस मी उशिरा घरी आले की दार उघडायच्या आधी तो आतून विचारायचा, "कोपर दाखवा."

तसे ते सगळ्याच हाडांचे डॉक्टर होते. म्हाताऱ्यांची खुब्याची हाडं, कुरकुंभच्या कंपन्यांतल्या कामगारांची बोटं, मोटारसायकलवाल्यांच्या नडग्या, सगळं करायचे आणि चांगलं करायचे. पण त्यात त्यांचा जीव नव्हता. जीव होता लहान पोरांच्या वाकड्या कोपरांत. आमच्या भागात पोरं पडायची फार. चिंचेवरून पडायची, उसाच्या ट्रॉलीवरून पडायची, बैलगाडीच्या मागं लोंबकळताना पडायची. पडताना हात टेकला की कोपराच्या जरा वर हाड मोडतं. पोराचं हाड जुळतं लवकर, पण कसंही बांधलं तर कसंही जुळतं. मग हात वाकतो, उचलतो, सगळी कामं करतो, पण सरळ खाली सोडला की कोपर बाहेर आणि पंजा मांडीकडे. आमच्या पुस्तकांत त्याला बंदुकीच्या दस्त्यासारखं कोपर म्हणतात. ते नाव डॉक्टरांना मुळीच खपत नसे. "पोराच्या हाताला बंदूक कशाला म्हणायचं?" असं म्हणून ते स्वतः त्याला रुसलेलं कोपर म्हणायचे. केसपेपरवरसुद्धा तसंच लिहायचे. पुण्याच्या एका मोठ्या सर्जनकडे असा केसपेपर गेला तेव्हा त्याचा फोन आला होता, की हा कुठला नवीन आजार.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, त्यांची शिरूरला ओपीडी असायची. मीही त्यांच्याबरोबर जायची, कारण तिथे छोटीमोठी कामं निघायची आणि ऑपरेशनआधी पोरांना तपासायचं असायचं. तो प्रवास म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा. गाडी चालवताना ह्या माणसाची नजर रस्त्यावर नसायची. सायकलवरून जाणाऱ्या पोराचा हॅन्डलवरचा हात, हंडा घेतलेल्या बाईचा हात, हात दाखवून एसटी थांबवणाऱ्याचा हात. मध्येच ब्रेक लावून काच खाली करायचे आणि अनोळखी माणसाला विचारायचे, "काय रे, लहानपणी पडला होतास का?" लोक आधी घाबरायचे, मग ओळखायचे. "आरं, त्ये कोपरवालं डाक्टर हायेत," असं मागून कुणीतरी सांगायचं.

एका शाळेनं त्यांना पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याची चूक केली. झेंडावंदन झालं, हेडमास्तरांनी चार शब्द बोलायची विनंती केली. डॉक्टर माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी हात पुढं करा. तळवे वर." पोरांना वाटलं खाऊ मिळणार. सगळी शाळा हात पसरून उभी. हे महाशय स्टेजवरून उतरले आणि रांगेरांगेतून फिरायला लागले. हेडमास्तर मागून घाम पुसत. भाषण राहिलं ते राहिलंच, पण तिथं त्यांना दोन रुसलेली कोपरं सापडली आणि परतताना ते इतके खूश होते, की खाऊचा पुडा त्यांनी माझ्याच हातात दिला.

ऑपरेशन समजावून सांगायची त्यांची पद्धत म्हणजे ऊस. टेबलाखाली उसाची कांडकी ठेवलेली असायची. आईबाप समोर बसले की एक कांडकं काढायचे, चाकूनं एका बाजूनं पाचर कापायचे, पण पलीकडची साल तशीच ठेवायचे. "हे बघा. एवढी पाचर काढायची. ही मागची साल धरून ठेवते. आता मिटवायचं." आणि कांडकं मिटवलं की ते त्या पाचरीपुरतं वळायचं. "झालं. मग दोन तारा घालायच्या, प्लॅस्टर, आणि घरी." शेतकऱ्याला हे इतकं पटायचं, की पुढे प्रश्नच नसायचा. मग डॉक्टर तेच कांडकं सोलून खायला लागायचे, आणि बोलता बोलता चोथा केराच्या डब्यात टाकायचे. मी म्हटलं, "अहो, आत्ताच ते पोराचं हाड होतं." ते म्हणाले, "गोड निघालं."

पाचर किती मोठी काढायची ह्याचा हिशोब मात्र ते रात्रंदिवस करायचे. दोन्ही कोपरांचे एक्स-रे, त्यावर पातळ कागद, पेन्सिलनं उमटवायचं, चांगल्या हाताचा कागद उलटा करून वाकड्यावर ठेवायचा, आणि जेवढं जास्त दिसेल तेवढं कात्रीनं कापायचं. कात्री वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ब्लाऊज बेतायची. वहिनी बाहेरून ओरडायच्या, "कागद कापून धार गेली तिची." हे आतून म्हणायचे, "कोपर बेततोय."

आणि एक नियम होता, ज्यापायी त्यांनी किती पेशंट घालवले देव जाणे. पोरानं स्वतः म्हटल्याशिवाय ते हात लावत नसत. आई म्हणायची, पोरीचं लग्न कसं जमायचं. बाप म्हणायचा, भरतीत घेणार नाहीत. डॉक्टर सगळ्यांना बाहेर काढायचे, दार लावायचे आणि पोराला विचारायचे, "हात कुणाचा?" पोर म्हणायचं, माझा. "मग तुला काय करायचंय?" पोर नको म्हणालं की संपलं. "हात चालतोय. नुसता दिसायला वाकडा आहे. ज्याचा हात त्याला खुपत नसेल तर मी कशाला कापू?" एकदा एका पुढाऱ्याच्या नातवानं नको म्हटलं. पुढाऱ्यानं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टर शांतपणे ऊस खात बसले होते.

आता त्यांचा दोष सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. हा इतका मऊ माणूस, पण हाडवैद्याचं नाव काढलं की त्यांच्या अंगात यायचं. हळद, चुना, अंडं आणि बांबूच्या कामट्या. आलेल्या पोराच्या हातावर तो लेप दिसला की पारा चढलाच म्हणून समजायचं. "हे हाड आहे का ऑम्लेट? कुणी बांधलं? बोलवा त्याला. त्याचा हात बांधतो मी असा." पोराला घेऊन आलेल्या माणसाला काय बोलतील त्याचा नेम नसायचा. शिरूरला दवाखान्याच्या बाहेर एक रसवंती होती. तिथली गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून ऐकायची.

अशाच एका दिवशी, लेप लावलेला नातू घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यावर ओरडून झालं आणि केंदूरकडची एक मुलगी आली, वडिलांबरोबर. सहावीतली असेल. वडील कारेगावजवळच्या कंपनीत शिफ्टला, युनिफॉर्मवरच आलेले. मुलगी वर्षापूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडली होती. डावं कोपर चांगलंच रुसलेलं. ती ओढणीत हात झाकून बसलेली, आणि नजर सारखी दाराकडे. वडील म्हणाले, "शाळेत लेझीमला हाय ती. आधी म्होरल्या वळीत व्हती. आता मास्तरांनी मागं घातली, हात वाकडा दिसतोय म्हणून. चार दिवस जेवली न्हाई." डॉक्टरांनी नेहमीसारखं सगळ्यांना बाहेर काढलं. मला काढायला ते विसरले, म्हणून मी ऐकलं.

"हात कुणाचा?"

"माझा."

"मग काय करायचंय?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "काई न्हाई करायचं."

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि दार उघडून वडिलांना म्हणाले, "घेऊन जा."

मला ते काही पटेना. जी पोर लेझीमसाठी चार दिवस जेवली नाही ती नको कशी म्हणते? मी पाठोपाठ बाहेर गेले. वडील पान खायला टपरीकडे गेले होते, ही बाकावर एकटी. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "त्ये मगाशी त्या म्हाताऱ्याला किती वरडलं. माझा हात आबानं बांधलाय. आबालाबी वरडत्याल."

आबा म्हणजे तिचे आजोबा. मेंढरं वळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे, आता शेतीत स्थिरावलेले. मेंढरांच्या वाड्यावर कोकराचा पाय मोडला की आबांनीच बांधायचा. आसपासच्या वस्त्यांवरूनही लोक कोकरं घेऊन यायचे. नात पडली तेव्हा बाप शिफ्टला, गावात गाडी नाही, पोर ओरडतेय. आबांनी कोकराला बांधतात तसा हात बांधला. हाड जुळलं. पण कोकराला चालता आलं की झालं, त्याचा पाय थोडा वाकडा राहिला तर कळपात कुणाला दिसतो? पोरीला लेझीमच्या ओळीत उभं राहायचं होतं.

परत येताना गाडीत मी डॉक्टरांची चांगली हजेरी घेतली. म्हटलं, "ती पोरगी तुमच्या तोंडाला घाबरून नको म्हणाली. तुमचा नियम तुमच्याच तोंडानं मोडलाय." त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मी इतका ओरडतो?"

"रसवंतीपर्यंत ऐकू जातं."

त्या दिवशी दौंड येईपर्यंत त्यांनी एकाही सायकलवाल्याला थांबवलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

मी मुलीच्या वडिलांना कंपनीत फोन करून निरोप दिला, की पुढच्या बाजारी आबांना पाठवा. आबा आले. उंच, वाळकुडे, डोक्याला मोठं लाल मुंडासं, आणि नातीचा हात धरलेला. ती त्यांच्या मागे. आबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "म्या बांधला व्हता."

मी डॉक्टरांकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले. ओठ हलले. टेबलावरचं उसाचं कांडकं त्यांनी इतकं घट्ट धरलं की वाटलं मोडतंय. एरंडेल प्यायल्यासारखा आवंढा गिळून ते म्हणाले, "हाड छान जुळलंय, आबा. घट्ट. जुळायचं काम झालंय. सरळ करायचं राहिलंय, ते मी करतो."

खोटं त्यांना बोलता येत नसे, आणि हे खोटं नव्हतंच. आबा तेव्हा कुठे खाली बसले. नात मात्र मागून पुढे आली, आणि अजून कुणी विचारायच्या आत म्हणाली, "मला करायचंय." ह्या वेळी दार लावायचंही डॉक्टर विसरले.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे पेननं तिच्या डाव्या कोपरावर 'हा' आणि उजव्यावर 'हा नाही' असं लिहिलं. मी भूल द्यायला लागले तेव्हा ती मला म्हणाली, "आबा भाईर हायेत का बघा." बघितलं तर आबा व्हरांड्यात उकिडवे बसलेले. ऑपरेशन चांगलं झालं. पाचर मनासारखी निघाली, तारा बसल्या, आणि डॉक्टर मास्कमधून काहीतरी गुणगुणत होते, जे ते फक्त खूश असले तरच करायचे आणि जे ऐकायला फार वाईट असायचं.

खरी काळजी पुढे होती. प्लॅस्टर निघालं की कोपर आखडलेलं असतं. ते पोराच्या नुसत्या खेळण्यानं हळूहळू मोकळं होतं. पण आमच्याकडे आखडलं की चोळायचं. तेल लावायचं आणि चोळायचं, रडलं तरी चोळायचं. पोराच्या कोपरावर असं चोळलं की आत नको तिथं हाड धरतं, आणि मग ते कोपर कायमचं आखडून बसतं. डॉक्टर ह्याला इतके घाबरायचे, की तपासायला आलेल्या पोराचा हात आधी नाकाला लावायचे. "करडई," म्हणायचे. नाहीतर "तीळ." आणि आजीकडे वळून हात पुढे करायचे, "बाटली काढा." बाटली निघायचीच.

आबांना काय सांगायचं हा प्रश्न होता. ज्या माणसाचे हात जन्मभर मोडकं बांधत आणि चोळत आले, त्याला हात बांधून बस म्हणायचं? आणि त्यांच्या डोक्यात हेही होतं की आपल्या हातून बिघडलंय, आपल्याच हातानं नीट झालं पाहिजे. डॉक्टरांनी विचार केला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आबा, रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळायचं. पण उजवा हात. चांगला आहे तो. डाव्याला बोट लावायचं नाही. उजवा मोकळा झाला की त्याचं बघून डावा मोकळा होतो."

मी तोंड फिरवलं. असलं वैद्यकशास्त्र मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आबांनी मात्र मान डोलावली, आणि घरी जाऊन महिनोन्‌महिने नातीचा चांगला हात मनोभावे चोळला. वडील येऊन सांगायचे, "आबा येळ चुकवत न्हाईत. पोरीचा उजवा हात निस्ता चमकतोय." डावं कोपर शेळ्या हाकताना, वेणी घालताना, भाकरी तोडताना आपलं आपण मोकळं होत गेलं.

शेवटच्या तपासणीला ती आणि आबा दोघंच आले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, तळवे वर. दोन्ही सारखे. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मुलगी हसत होती. मास्तरांनी पुढच्या ओळीत घेतलंय म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "जा, बाहेर रस पी. माझ्या नावावर सांग." ती पळाली.

आबा उठले नाहीत. मुंडासं सारखं करत म्हणाले, "डाक्टर, येक इचारू? खरं सांगा. माझ्यामुळंच वाकडा झाला व्हता न्हवं?"

आता हे काय बोलणार म्हणून मी कान टवकारले. जुळलं छान होतं वगैरे काहीतरी म्हणतील असं वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"होय आबा," ते म्हणाले. "तुमच्यामुळंच."

आबांनी मान खाली घातली. मला डॉक्टरांचा खरंच राग आला. इतके महिने तोंड सांभाळलं आणि शेवटी माती खाल्ली असं वाटलं. पण ते थांबले नव्हते.

"माझ्याकडूनपण एक वाकडं राहिलंय," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "ह्याच गावातली मुलगी. मी नवीन होतो. पाचर कमी घेतली, तारा सैल बसल्या, पुन्हा वाकडं झालं. तिचे आईबाप परत आले नाहीत. ती मोठी झाली आता. बाजारात आईजवळ भाजी विकायला बसते. मी त्या रस्त्यानं जात नाही, आबा. मागच्या बाजूनं येतो."

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर शिरूरला येत होते. गाडी मागच्या गल्लीतून का येते हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, गर्दी नको म्हणून.

आबांनी मान वर केली. मग म्हणाले, "तुमी रस्ता बदलला. मला कुठं बदलता येतुय? घरातच पोरगी. सकाळी उठलं की तो हात, भाकरी वाढताना तो हात. बघून बघून जीव जायची पाळी आली, तवा तुमच्याकडं धाडली." ते उठले, काठी घेतली आणि दारात थांबून म्हणाले, "तुमी बी बघा येकदा."

आबा गेले. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, आणि डॉक्टर नुसते बसून. मग उठले. मला म्हणाले, "मॅडम, जरा ह्या लोकांना बसवून घ्या," आणि पुढच्या दारानं, भर बाजाराच्या रस्त्यानं चालत गेले. लोकांनी मला विचारून हैराण केलं. मी म्हटलं, भाजी आणायला गेलेत. कुणाला खरं वाटेना.

बऱ्याच वेळानं परत आले ते खरंच रुमालात कोथिंबीर बांधून. खुर्चीत बसले, रुमाल टेबलावर ठेवला, आणि तसेच त्याच्याकडे बघत राहिले. मला राहवेना.

"ओळखलं का तिनं?"

त्यांनी मान डोलावली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, लई दिसांनी आलात, डाक्टर."